जुने रान, दुबार रान

सागाचा ओंडका करवतीने आडवा कापला, की त्याच्या तोंडावर एकात एक अशी वलये दिसतात. तुमच्या गावात सुतारशाळा किंवा लाकडाची वखार असेल, तर तुम्ही ती पाहिलीच असतील. एक वलय म्हणजे झाडाचे एक वर्ष. ज्या वर्षी झाड भराभर वाढले त्या वर्षीचे वलय रुंद, ज्या वर्षी वाढ खुंटली त्या वर्षीचे अरुंद. आपल्या वयाचा हिशेब झाड असा पोटात लिहून ठेवते.

आज ज्या रानाची हकिगत तुम्हांला सांगायची आहे, तिथल्या जुन्या झाडांची वलये फार दाट असतात. बोटाच्या पेराएवढ्या रुंदीत वीस-वीस वर्षे मावलेली दिसतात. पाचशे, सातशे वर्षांची झाडे तिथे उभी आहेत. म्हणजे इकडे ज्ञानेश्वर महाराज हयात होते त्या सुमारास रुजलेले एखादे रोप तिकडे आजही हिरवे असू शकते. अशी झाडे तोडावीत की राखावीत? आणि राखायची म्हटली, तर लाकूड आणायचे कोठून? या दोन प्रश्नांवर अमेरिकेच्या सरकारने गेल्या सव्वाशे वर्षांत पुष्कळ नियम केले, काही मोडले, मोडलेले पुन्हा केले. त्या नियमांची ही गोष्ट आहे.

हे रान अलास्कात आहे. जगाच्या नकाशावर उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाशी अलास्का दिसेल. १८६७ साली अमेरिकेने हा प्रदेश रशियाकडून ७२ लाख डॉलरना विकत घेतला. त्याच्या आग्नेय बाजूला समुद्रकाठची एक चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्यापुढे शेकडो बेटे विखुरलेली आहेत. पाऊस आपल्या कोकणासारखा, पण चार महिन्यांत कोसळून जाणारा नव्हे. थंड आणि बारमाही. केचिकन नावाच्या गावी वर्षाला सुमारे १५० इंच पडतो. या पावसावर सिट्का स्प्रूस, हेमलॉक आणि सीडर या सूचिपर्णी वृक्षांचे दाट अरण्य उभे आहे. त्याचे नाव टोंगास. अमेरिकेतले हे सर्वांत मोठे राष्ट्रीय वन. क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ६७ लाख एकर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिकच. अर्थात सगळीकडे झाडे आहेत असे मात्र समजू नका. त्यात बर्फाचे डोंगर आहेत, उघडे खडक आहेत, दलदलीही आहेत.

या रानात माणसे फार पूर्वीपासून राहतात. त्लिंगित, हायडा आणि त्सिमशियन असे तिथले मूळ समाज. सीडरच्या एकाच खोडातून ते होडी कोरतात, कुळाची चिन्हे कोरलेले उंच खांब उभारतात. नदीत चढून येणारा सामन मासा आणि रानातले हरीण हे त्यांचे अन्न. टोंगास हे नावही त्लिंगित लोकांतल्याच एका गटाचे. रानाला नाव त्यांचे मिळाले, पण रानावरचा हक्क त्यांच्याकडे राहिला का, ते आता पाहू.

१९०२ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी इथल्या बेटांवरचे जंगल सरकारी राखीव म्हणून जाहीर केले. १९०७ साली टोंगास राष्ट्रीय वन स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी ही दोन्ही एकत्र केली गेली. त्या काळी अमेरिकेच्या वनखात्याचे प्रमुख होते गिफर्ड पिंचो. इथे आपल्या देशाशी एक धागा जुळतो. पिंचो तरुणपणी वनविद्या शिकायला युरोपात गेले, तेव्हा त्यांना वाट दाखवणारे गुरू होते डीट्रिख ब्रँडिस. १८६४ साली हिंदुस्थानातले पहिले वन महानिरीक्षक झालेले हेच ते गृहस्थ. बर्मा आणि हिंदुस्थानातली जंगले सांभाळताना आलेला अनुभव अशा रीतीने अमेरिकेपर्यंत पोचला.

या विद्येचे मुख्य सूत्र सोपे होते. रान म्हणजे एक मुद्दल आहे. दरसाल त्यात जेवढी भर पडते तेवढेच तोडावे, म्हणजे मुद्दल कायम राहील. सूत्र शहाणपणाचेच होते. पण त्याला एक दुसरी बाजू होती. पाचशे वर्षांच्या रानात नवी वाढ जेवढी होते, साधारण तेवढेच जुने कुजून पडते. एकूण भर जवळजवळ शून्य. मग हिशेबी वनाधिकारी म्हणू लागला, ‘हे रान अतिपक्व झाले आहे. हे काढून टाकू या; त्याच्या जागी तरुण झाडे भराभर वाढतील.’ शेतात वाळलेले पीक उभे ठेवून कोणी शेतकरी बसतो का? नाही ना? मग रानात तरी का ठेवावे, असा तो विचार. अमेरिकेत वनखाते १९०५ सालापासून शेतीखात्याच्या हाताखाली आहे, ही गोष्टही इथे ध्यानात ठेवा. झाडाकडे पीक म्हणून पाहण्याची नजर त्या व्यवस्थेतच होती.

पण बरीच वर्षे टोंगासला कोणी विशेष हात लावला नाही. बाजार लांब, मजूर थोडे, समुद्र खवळलेला. चित्र बदलले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. कागदाला आणि कृत्रिम रेशमाला लागणाऱ्या लाकडाच्या लगद्याला मोठी मागणी आली. सरकारलाही अलास्कात वस्ती आणि बारमाही रोजगार हवा होता. अडचण एकच होती, मूळ रहिवाशांचा हक्क. त्लिंगित आणि हायडा लोकांनी जमिनीबद्दल सरकारवर दावा लावलेला होता आणि तो चालू होता. तेव्हा १९४७ साली काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदाच केला: दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागो, सरकारने लाकूड विकावे आणि पैसा बाजूला ठेवावा.

त्लिंगितांपैकी टी-हिट-टोन या कुळाने याविरुद्ध दाद मागितली. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की काँग्रेसने मान्यता दिलेली नाही असा मूळ रहिवाशांचा वहिवाटीचा हक्क सरकारने काढून घेतला, तर त्याची भरपाई देण्यास सरकार संविधानाने बांधलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात राहिलो त्याचा कागद नाही म्हणून हक्क नाही! असला अनुभव जगात एकट्या अलास्कालाच आला असे नाही. पण निकालपत्रात इतक्या उघडपणे तो क्वचितच लिहिला गेला असेल. पुढे १९६८ साली दुसऱ्या दाव्यात त्लिंगित-हायडा लोकांना ७५ लाख डॉलर मिळाले. रान मात्र सरकारचेच राहिले.

इकडे कंत्राटे झाली, तीही थेट पन्नास वर्षांची. केचिकनजवळ १९५४ साली लगद्याची मोठी गिरणी सुरू झाली, सिट्का इथे १९५९ साली दुसरी. ही दुसरी जपानी भांडवलाची. त्याच साली अलास्काला राज्याचा दर्जा मिळाला. गिरणीभोवती घरे उठली, शाळा भरल्या, दुकाने चालली. बाहेरून आलेल्या कामगारांनी तिथे संसार थाटले, मुले वाढवली. लाकूडतोड्या म्हणजे खलपुरुष असे कृपा करून समजू नका. सरकारनेच त्याला बोलावले होते, आणि पन्नास वर्षांचे वचन देऊन बोलावले होते.

तोड कशी होत असे? डोंगराची एक बाजूच्या बाजू साफ करायची, एकही झाड ठेवायचे नाही. सुरुवातीला समुद्रकाठची आणि नदीच्या खोऱ्यातली झाडे गेली, कारण तिथले ओंडके सरळ पाण्यात लोटून तरंगत नेता येत. आणि सर्वांत थोर झाडेही नेमकी तिथेच, सखल सुपीक जमिनीत होती. राष्ट्रीय वनातले चार लाखांहून अधिक एकर जुने रान अशा रीतीने तोडले गेले. कोणी म्हणेल, १ कोटी ६७ लाखांत चार-साडेचार लाख म्हणजे कितीसे? पण गावात शंभर एकर माळ आणि पाच एकर मळा असेल, आणि त्यातल्या मळ्याचाच मोठा तुकडा गेला, तर ‘शंभरातले थोडेच गेले’ असे कोणी म्हणेल का?

तोडल्या जागी झाडे पुन्हा आली. ऊस तोडल्यावर बुडख्यातून खोडवा फुटतो तसे हे नव्हे. शेजारच्या झाडांचे बी वाऱ्याने आले, रुजले, आणि भाताच्या रोपवाटिकेसारखी दाट रोपे उठली. या पुन्हा उगवलेल्या रानाला आपण दुबार रान म्हणू. पहिली वीस-पंचवीस वर्षे तिथे ऊन असते, झुडपे असतात, हरणांना चारा असतो. मग शेंडे एकमेकांना भिडतात आणि छत मिटते. खाली अंधार. झुडपे मरतात, जमिनीवर राहते ते शेवाळ आणि वाळकी पाने. ही अवस्था शंभर वर्षे, कधी त्याहूनही अधिक टिकते. उलट जुन्या रानात लहान, मोठी, पडकी, कुजकी अशी सर्व वयांची झाडे असतात. मधल्या फटींतून ऊन खाली उतरते आणि झुडपे जगतात. आणि थंडीत थोर झाडांचे छत बर्फ वरच्या वर झेलते, त्यामुळे खाली हरणाला खायला मिळते. म्हणजे दोन्ही हिरवेच, पण एकात घर आहे आणि दुसऱ्यात दाटीवाटीने उभी असलेली नुसती खोडे आहेत.

माशाचेही तसेच. सामन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परत येतो. त्याला थंड पाणी, स्वच्छ वाळूगोटे आणि प्रवाहात पडलेले जुने ओंडके लागतात. अस्वले त्याला पकडून काठावर नेऊन खातात, उरलेले तिथेच टाकतात, आणि समुद्रातले ते खत झाडांच्या मुळाशी जाते. काठची झाडे तोडली, की ही साखळी तुटते. कोळ्यांनी हे आधी ओळखले, शास्त्रज्ञांनी नंतर मोजले.

आता नियमांकडे वळू. १९८० साली काँग्रेसने अलास्कातल्या सार्वजनिक जमिनींसाठी एक मोठा कायदा केला. त्यात टोंगासमधले सुमारे ५४ लाख एकर रान तोडीतून कायमचे वगळले. पण त्याच कायद्यात गिरण्यांची समजूत काढण्यासाठी दुसरे कलम घातले: दर दहा वर्षांना ४५० कोटी बोर्ड फूट लाकूड पुरवावे आणि त्यासाठी दरसाल निदान ४ कोटी डॉलर खर्चावेत. बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी. किती लाकूड निघावे हे रान ठरवीत नव्हते, बाजारही ठरवीत नव्हता. कायद्याने आकडाच लिहून दिला होता.

दहा वर्षांनी, १९९० साली, हा आकडा रद्द झाला. टोंगास लाकूड सुधारणा कायदा आला. सामनच्या नद्यांच्या आणि त्यांना मिळणाऱ्या मुख्य ओढ्यांच्या दोन्ही काठांना निदान शंभर शंभर फूट रान राखलेच पाहिजे, असे त्यात लिहिले. आणखी काही लाख एकर तोडीतून वगळले. पुढे सिट्काची गिरणी १९९३ साली आणि केचिकनची १९९७ साली बंद पडली. जगाच्या बाजारात लगद्याचा भाव पडला होता, प्रदूषणाचे नियम कडक झाले होते आणि स्वस्त लाकूडही आटले होते. शेकडो माणसांची नोकरी गेली. ज्या घरातला पगार गेला त्या घराला ‘रान वाचले’ हे सांगून काय समाधान होणार?

इथून खरा प्रश्न पुढे आला. जुने रान तोडायचे थांबवायचे असेल, तर गिरणीचे तोंड एकाएकी बंद न करता ते दुबार रानाकडे वळवता येईल का? २०१० साली सरकारने तसा मनोदय जाहीर केला. जुलै २०१३ मध्ये कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक यांनी लेखी आदेश काढला, की दहा ते पंधरा वर्षांत टोंगासमधली लाकूडतोड मुख्यतः तरुण रानातून व्हावी. कागदावर दोन ओळींचे काम. पण अंमल करू गेल्यावर एक नियम दुसऱ्या नियमाच्या आड आला.

तो असा. १९७६ सालच्या राष्ट्रीय वन व्यवस्थापन कायद्याप्रमाणे एका वयाच्या झाडांचे रान कच्चे असताना कापता येत नाही. झाडाची सरासरी वार्षिक वाढ चढत जाते, एका वयाला शिखर गाठते आणि मग उतरते. ते शिखर आल्याशिवाय कुऱ्हाड लावू नये. टोंगासमध्ये हे वय नव्वद-शंभर वर्षांच्या आसपास येते. आणि मोठ्या तोडीतून उठलेले दुबार रान तेव्हा होते जेमतेम साठ वर्षांचे! कायदा चांगला होता, पीक कोवळे असताना कापू नका असे तो सांगत होता. पण पिकलेले राखायचे तर कोवळे कापावे लागत होते.

शेवटी डिसेंबर २०१४ मध्ये काँग्रेसने वाट काढली. पहिल्या दहा वर्षांत जास्तीत जास्त १५,००० एकर तरुण रान वयाच्या आधी कापायला मुभा दिली. गंमत अशी, की ही मुभा संरक्षणखर्चाच्या एका अवाढव्य कायद्यात बसवलेली होती. त्याच कायद्याने सीअलास्का या मूळ रहिवाशांच्या महामंडळाला टोंगासमधली सुमारे ७०,००० एकर जमीन मिळाली. १९७१ साली झालेल्या जमीन-तडजोडीचे हे राहिलेले देणे. या महामंडळाने स्वतःच्या जमिनीवर मोठी तोड केली होती, हेही इथे सांगितले पाहिजे. आपल्या भागधारकांना, म्हणजे आपल्याच लोकांना, उत्पन्न देणे त्याला भाग होते. जानेवारी २०२१ मध्ये मात्र त्याने लाकूडतोडीचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले.

दरम्यान सरकारने पंधरा जणांची एक सल्लागार समिती नेमली. तिच्यात लाकूडवाले होते, रानरक्षणवाले होते, मूळ रहिवाशांचे प्रतिनिधी होते, सरकारी मंडळी होती. एरवी कोर्टात समोरासमोर उभी राहणारी ही माणसे एका टेबलाशी बसली आणि २०१५ अखेर त्यांनी एकमताने शिफारशी दिल्या. त्यांच्या आधारे डिसेंबर २०१६ मध्ये टोंगासची सुधारित योजना मंजूर झाली. वर्षाला सरासरी ४ कोटी ६० लाख बोर्ड फूट लाकूड विकायचे, म्हणजे १९८० च्या आकड्याचा जेमतेम दहावा हिस्सा. पहिल्या दहा वर्षांत त्यातले ३ कोटी ४० लाख जुन्या रानातून आणि १ कोटी २० लाख तरुण रानातून. पुढे जुने कमी करत जायचे आणि तरुण वाढवत न्यायचे. सुमारे सोळा वर्षांनी तरुण रानातून ४ कोटी १० लाख मिळू लागले, की जुन्यातून फक्त ५० लाख, तेही छोट्या कारागिरांसाठी. सामनच्या काही महत्त्वाच्या खोऱ्यांत जुन्या रानाला हातच लावायचा नाही.

योजना समंजस होती, पण पेच सुटला नाही. सर्वांत वयस्क दुबार रान कोठे होते? जिथे पहिली तोड झाली तिथेच, समुद्रकाठी आणि ओढ्यांकाठी. हीच जागा हरणांची आणि माशांची. तेव्हा योजनेने तिथेही तरुण रान कापू दिले, पण बंधने घातली: साफ केलेला तुकडा दहा एकरांहून मोठा नको, विरळणी केली तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लाकूड काढू नये, आणि ही सवलत पहिली पंधरा वर्षेच. कोणी म्हणाले, एवढ्या बंधनांत धंदा चालायचा नाही. कोणी म्हणाले, जिथे रान सावरते आहे तिथेच पुन्हा घाव का? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

आणि गिरणीवाला विचारत होता तो प्रश्नही साधा नव्हता. त्याची करवत थोर ओंडक्यांसाठी बसवलेली. जुन्या स्प्रूसचे दाट वलयांचे लाकूड पियानोच्या नादफळीला चालते, त्याला चांगला भाव येतो. कोवळ्या झाडाचे लाकूड जाड वलयांचे, गाठींचे, स्वस्त. त्यासाठी नवी यंत्रे घ्यायची, तर वीस वर्षे ओंडके मिळत राहतील याची हमी कोण देणार? म्हणून तरुण रानातले पुष्कळसे लाकूड न कापताच, अख्ख्या ओंडक्यांच्या रूपात, जहाजाने आशियाच्या बाजारात गेले. रान तिथले, आणि करवतीवरची मजुरी दुसऱ्याच देशाला.

हमी देणे सरकारला का जमले नाही, हे दुसऱ्या एका नियमावरून समजेल. जानेवारी २००१ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकिर्दीत नियम झाला, की राष्ट्रीय वनांतल्या जिथे अजून रस्ता गेलेला नाही अशा भागांत नवा रस्ता करू नये आणि व्यापारी तोड करू नये. टोंगासमध्ये असे ९० लाखांहून अधिक एकर आहेत. २००३ साली पुढच्या सरकारने टोंगासला या नियमातून वगळले. केक या त्लिंगित गावाच्या पंचायतीने इतरांसह कोर्टात दाद मागितली आणि २०११ साली नियम परत लागू झाला. २०२० साली पुन्हा वगळले. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा लागू केला. जून २०२५ मध्ये कृषिमंत्र्यांनी हा नियम सबंध देशातूनच काढून टाकण्याचा इरादा जाहीर केला. मधल्या काळात, जुलै २०२१ मध्ये, टोंगासमधल्या जुन्या रानाची मोठ्या प्रमाणावरची विक्री बंद करण्याचे धोरणही जाहीर झाले होते आणि स्थानिक कामांसाठी अडीच कोटी डॉलर ठेवले होते. त्यावर मार्च २०२५ मध्ये लाकूड व्यावसायिकांनी सरकारवर दावा लावला, की कायद्याप्रमाणे आम्हांला पुरेसे लाकूड मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, ही तर नुसती ओढाताण झाली. खरे आहे. पण या ओढाताणीत एक सरळ गोष्ट दिसते, आणि तीच तुमच्यापुढे ठेवायची होती. जुने रान राखण्याचा नियम एका दिवसात लिहिता येतो. दुबार रान मात्र एका दिवसात पिकत नाही. त्या दोहोंच्या मधली जी वर्षे असतात, त्यांचा भार कोणी तरी उचलावा लागतो. तो गिरणीच्या कामगारावर पडला, केक गावच्या शिकाऱ्यावर पडला, कोळ्यावर पडला, कधी कोवळ्या रानावर पडला. ज्या सरकारने पन्नास वर्षांची कंत्राटे लिहून दिली त्याला पन्नास वर्षांनंतरचे दुबार रान तेव्हाच दिसायला हवे होते. त्याची विरळणी वेळेवर करायला हवी होती, लहान ओंडक्यांच्या गिरण्यांना आधी हात द्यायला हवा होता. हुरडा गोड लागतो खरा, पण हुरड्यावर कोठार भरत नाही, हे आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, वखारीतून एखादी सागाची चकती शाळेत आणता आली तर जरूर आणा. मुलांना वलये मोजू द्या. आपल्या जन्माचे वर्ष कोठे येते, वडिलांच्या जन्माचे कोठे, ते टाचणीने दाखवू द्या. मग त्यांना एक हिशेब घाला. १९५४ साली केचिकनची गिरणी सुरू झाली, तेव्हा तोडलेल्या जागेवर एक रोप रुजले. ते नव्वद वर्षांचे केव्हा होईल? मुले सांगतील, २०४४ साली. आणि त्या जागी पूर्वी उभे होते तसे पाचशे वर्षांचे केव्हा होईल? मुले फळ्यावर बेरीज मांडतील आणि उत्तर येईल २४५४. तोवर अमेरिकेत किती सरकारे येऊन जातील, ते विचारू नका. ते रोप तेवढी सगळी वर्षे उभे राहील की नाही, एवढेच विचारा, आणि मुले काय म्हणतात ते ऐका.